मीटरवर किलोमीटर कमी, पण इंजिन किती ताणलंय? ट्यून केलेल्या सेकंडहँड स्पोर्ट्स कारचा 'ओव्हर-रेव्ह' रेकॉर्ड असा वाचा

"सिंगल हँड, शोरूम कंडिशन, फक्त ३८ हजार किलोमीटर, स्टेज टू, पॉप्स अँड बँग्स." पुण्या-मुंबईतल्या सेकंडहँड गाड्यांच्या रील्सखाली असं काहीतरी लिहिलेलं असतं. कमेंटमध्ये नांदेड, लातूर, परभणीची पोरं "लास्ट प्राइस?" विचारत असतात. मग एखादा खरंच तीनशेपेक्षा जास्त किलोमीटर प्रवास करून पुण्याला जातो, एक राउंड मारतो, इसार देतो. काही दिवसांनी ती गाडी एमएच-२६ किंवा एमएच-२४ च्या मालकाच्या दारात उभी राहते.

मराठवाड्याला भारी गाड्यांचं वेड नवीन नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्याची बातमी देशभर झाली. आणि ज्या स्कोडा ऑक्टाव्हियावर आज ट्यूनिंगवाल्यांचा सगळ्यात जास्त जीव आहे, ती २००१ पासून जोडली जात होती ती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत. थोडक्यात, गाडी घरचीच आहे. पण ती विकत घेताना आपण बघतो काय? टायर, पत्रा, सीट, मीटर. फार तर एखादा मिस्त्री सोबत नेतो आणि तो कान लावून इंजिनचा आवाज ऐकतो.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. आधीच्या मालकाने हे इंजिन त्याच्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं, याची नोंद काही गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्येच असते. त्यालाच ओव्हर-रेव्ह रेकॉर्ड म्हणतात.

आधी ओव्हर-रेव्ह म्हणजे काय ते बघू

इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते आरपीएमवरून कळतं. मीटरवर जिथे लाल पट्टा सुरू होतो, तिथे कंपनी सांगत असते की आता बास. समजा ही मर्यादा ६,५०० आहे. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबून धरला, तर काटा ६,५०० च्या आसपास जाऊन थरथरतो. कारण इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, तिथे पेट्रोल तोडतो. याला रेव्ह लिमिटर म्हणतात. हा प्रकार रोज करावा असा नाही, पण कंपनीने तो गृहीत धरलेला असतो.

दुसरा प्रकार मात्र घातक आहे. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ६,५०० वर पळतेय. चालकाला चौथा टाकायचा आहे, पण घाईत हात चुकतो आणि दुसरा पडतो. क्लच सोडला की आता इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकं इंजिनला फिरवतात. तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.४ आणि दुसऱ्याचं २.१ धरा. म्हणजे त्याच वेगाला इंजिनला दीडपट फिरावं लागणार. ६,५०० चे थेट ९,७५०. इथे ईसीयूने पेट्रोल तोडलं काय अन् नाही तोडलं काय, काहीच फरक पडत नाही. दीड टनाची गाडी मागून ढकलतेय म्हटल्यावर इंजिनला फिरावंच लागतं. परदेशात या चुकीला 'मनी शिफ्ट' म्हणतात. नाव का पडलं ते वर्कशॉपचं बिल आलं की कळतं.

दीडपट म्हणजे ताणही दीडपट, असं वाटू शकतं. तसं नाही. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलट्या दिशेने निघतो. ७,००० आरपीएमला हे मिनिटाला १४,००० वेळा होतं. त्याला थांबवण्याचा आणि परत ओढण्याचा सगळा भार कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टवर येतो, आणि हा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. आरपीएम २० टक्के वाढले तर भार ४४ टक्के वाढतो. दीडपट झाले तर सव्वादोनपट.

वर हेडमध्ये वेगळाच घोळ चालू असतो. व्हॉल्व्ह बंद करण्याचं काम स्प्रिंग करते. ठरावीक वेगापलीकडे स्प्रिंगला ते वेळेत जमत नाही, व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो आणि खालून पिस्टन येऊन त्याला धडकतो. व्हॉल्व्ह वाकला की कॉम्प्रेशन गेलं. कधी हे तिथल्या तिथे कळतं. पण कधी व्हॉल्व्ह किंचितच वाकतो, रॉडचा बोल्ट किंचितच ताणला जातो, आणि गाडी पुढे अनेक महिने व्यवस्थित चालते. विकायला काढण्याइतपत व्यवस्थित.

मग ही नोंद कुठे असते?

सगळ्यात तपशीलवार नोंद ठेवण्याबद्दल नाव आहे ते पोर्शेचं. ९११ च्या जुन्या पिढ्यांमध्ये ईसीयू दोन टप्प्यांत नोंद ठेवायचा. नंतरच्या गाड्यांत सहा टप्पे आले, त्यांना रेंज १ ते रेंज ६ म्हणतात. कोणती रेंज किती आरपीएमला सुरू होते हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे एका गाडीचे आकडे दुसऱ्या मॉडेलला लावू नयेत. कंपनीच्या डायग्नोस्टिक यंत्रावर, किंवा ते वाचू शकणाऱ्या स्वतंत्र वर्कशॉपमध्ये हा रिपोर्ट निघतो.

रिपोर्ट हातात आला की बहुतेक लोक घाबरतात, कारण आकडे हजारांत असतात. रेंज १ समोर ४,२०० लिहिलेलं दिसलं की वाटतं, बापरे, याने ४,२०० वेळा गाडी ताणली! तसं नसतं. हा आकडा प्रसंगांचा नसून इग्निशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा असतो. सहा सिलिंडरच्या इंजिनमध्ये एका फेऱ्यात तीन ठिणग्या पडतात. ७,३०० आरपीएमला मिनिटाला २१,९००, म्हणजे सेकंदाला ३६५. आता ४,२०० ला ३६५ ने भागा. गाडीच्या अख्ख्या आयुष्यात मिळून साडेअकरा सेकंद. लिमिटरला काटा काही वेळा टेकला की एवढं होतंच. स्पोर्ट्स कार घेऊन कोणी ती रिक्षासारखी चालवत नाही.

बघायचं ते वरच्या रेंजमध्ये. साधारणपणे १ ते ३ या रेंज लिमिटरच्या आसपासच्या असतात. ४, ५ आणि ६ पर्यंत इंजिन स्वतःच्या ताकदीवर सहसा पोहोचतच नाही. तिथे ते चुकीच्या डाऊनशिफ्टनेच जातं. समजा रेंज ४ समोर ४५ आहे. साडेआठ हजार आरपीएमला सेकंदाला ४२५ ठिणग्या पडतात, म्हणजे हा प्रसंग जेमतेम एक दशांश सेकंदाचा. वेळ क्षुल्लक, पण रेंज १ मधल्या साडेअकरा सेकंदांपेक्षा या एक दशांश सेकंदाचं वजन कितीतरी जास्त आहे.

तरीही रेंज ४ दिसली म्हणून लगेच पाठ फिरवायची गरज नाही. प्रत्येक रेंजसमोर आणखी एक आकडा असतो, शेवटची नोंद इंजिनच्या कितव्या तासाला झाली त्याचा. समजा रेंज ४ ची शेवटची नोंद २१२ व्या तासाची आहे आणि आज इंजिनचे ९४० तास झालेत. म्हणजे त्या चुकीनंतर इंजिन ७२८ तास चाललंय. काही तुटायचं असतं तर बहुधा एव्हाना तुटलं असतं. पण तीच नोंद ९३५ व्या तासाची असेल, तर पाच तासांपूर्वी गिअर चुकला आणि त्यानंतर गाडी विक्रीला लागली, असा त्याचा अर्थ निघू शकतो. अशा वेळी इंजिन उघडून बघितल्याशिवाय पुढचं बोलणंच नको.

या तासांचा आणखी एक फायदा आहे, आणि तो आपल्याकडे जास्त कामाचा आहे. मीटर मागे फिरवलंय का, याचा अंदाज येतो. ९४० तासांत गाडी सरासरी ताशी ४५ किलोमीटरने चालली असेल, तर मीटरवर ४२ हजारांच्या आसपास दिसायला हवेत. तिथे २२ हजार असतील तर सरासरी निघते ताशी २३. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीची एवढी असू शकते. पण विकणारा म्हणत असेल की गाडी फक्त रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर निघायची, तर त्याच्या गोष्टीत गडबड आहे.

गिअरबॉक्स कोणता हेही महत्त्वाचं. पोर्शेचा पीडीके असो की फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी, हे ड्युअल क्लच गिअरबॉक्स धोकादायक डाऊनशिफ्ट स्वीकारतच नाहीत. तुम्ही पॅडल दाबत राहा, तो ऐकत नाही. त्यामुळे वरच्या रेंजचा खरा प्रश्न मॅन्युअल गाड्यांचा. ऑटोमॅटिकमध्ये वरची रेंज भरलेली दिसली, तर चालकापेक्षा सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा.

ट्यून केलेल्या गाडीत पट्टीच बदललेली असते

आतापर्यंत जे बघितलं ते कंपनीने दिली तशी असलेल्या गाडीबद्दल. ट्यून केलेली गाडी आली की हे सगळं हिशोब पुन्हा मांडावं लागतं.

रिमॅप करताना ट्यूनर ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलतो. टर्बोचं प्रेशर, पेट्रोलचं प्रमाण, इग्निशनची वेळ, आणि बऱ्याचदा रेव्ह लिमिटरसुद्धा. समजा लिमिटर ५०० आरपीएमने वर नेला आणि नोंदीच्या रेंज मात्र कंपनीच्या जुन्याच राहिल्या. आता चालकाने चूक न करता नुसता दाबून ॲक्सिलेटर दिला तरी खालच्या रेंज धडाधड भरत जातात. ही नोंद खरी आहे, पण तिचा अर्थ गिअर चुकला असा नाही. इंजिन रोजच त्याच्या मूळ मर्यादेपलीकडे फिरत होतं, असा आहे. मग विचारायचं की लिमिटर वाढवला तेव्हा व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलल्या का? बदलल्या असतील तर बिल कुठे आहे? "सगळं केलंय भाई" याला बिल म्हणत नाहीत.

लाँच कंट्रोल आणि 'टू स्टेप'चं तसंच. त्यात गाडी जागेवर उभी असताना इंजिनला मुद्दाम ठरावीक आरपीएमच्या लिमिटरवर धरून ठेवतात. हा लिमिटर सहसा खालचा असतो, त्यामुळे ओव्हर-रेव्हची नोंद होईलच असं नाही. पण क्लच, टर्बो आणि एक्झॉस्टची जी दशा होते, ती या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. रीलमध्ये मागून ज्वाळा काढणारी गाडी आपल्या घरी आणायची म्हणजे त्या ज्वाळांचा खर्चही घरी येतो.

उलटी शक्यताही आहे, आणि ती जास्त फसवी. सगळ्या रेंज शून्य. विकणारा रिपोर्टचा फोटो पाठवतो, "बघा, एकदम क्लीन." चारशे घोड्यांची, मॅन्युअल, ट्रॅक डेला नेलेली गाडी आणि रेंज १ मध्येही शून्य? याचे दोन-तीन अर्थ होऊ शकतात. ट्यूनरने रेंजच वर सरकवल्या किंवा नोंद बंद केली. किंवा ईसीयूच बदललाय. ईसीयू बदलला तर इंजिनचे तासही नव्याने मोजले जातात, आणि तिथे चोरी पकडता येते. मीटर ३८ हजार किलोमीटर दाखवतंय आणि ईसीयू ९० तास म्हणतोय. भागून बघा. सरासरी ताशी ४२२ किलोमीटर. नांदेडहून निघालेला माणूस लोहा, अहमदपूर, चाकूर करत वीस मिनिटांत लातुरात!

ईसीयू बदलणं हा काही गुन्हा नाही, पाणी गेलं तरी बदलावा लागतो. पण कधी बदलला, का बदलला, याचा कागद हवा. काही मोठ्या बिल्डमध्ये कंपनीचा ईसीयू काढून पूर्ण स्वतंत्र ईसीयू बसवतात. त्यात स्वतःचं डेटा लॉगिंग असतं, मग तो लॉग मागायचा.

ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे 'पिगीबॅक', हा आणखी वेगळा प्रकार. तो ईसीयूच्या आत हात घालत नाही, सेन्सरचे सिग्नल मध्येच बदलून ईसीयूला गंडवतो. विक्रीआधी काढून टाकला की बहुतेक वेळा मागे खूण राहत नाही. आतली ओव्हर-रेव्हची नोंद मात्र तशीच शाबूत असते.

पण पोर्शे घेतंय कोण? आपली ऑक्टाव्हिया आहे

बरोबर. नांदेड-लातुरात ज्या ट्यून केलेल्या गाड्या घ्यायचा विचार होतो त्यात ऑक्टाव्हिया, लॉरा, पोलो जीटी हीच नावं जास्त. या गाड्यांत पोर्शेसारखा सहा रेंजचा तयार तक्ता मिळत नाही. पण ओबीडी पोर्टमधून बरंच काही निघतं. स्टीअरिंगखाली असतो तोच पोर्ट, जिथे मिस्त्री स्कॅनर लावतो.

सगळ्यात आधी फॉल्ट कोड. पी-०२१९ हा कोड जगभर एकाच अर्थाने वापरला जातो: इंजिन ठरलेल्या वेगापलीकडे गेलं. हा सापडला तर त्यासोबतचा 'फ्रीझ फ्रेम' बघायचा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होते, गाडीचा वेग किती, इंजिन किती गरम, याचा तो फोटोच म्हणा. थंड इंजिनवर ओव्हर-रेव्ह असेल तर जास्त वाईट, कारण ऑइल अजून नीट पोहोचलेलं नसतं.

"पण कोड तर पुसता येतात." येतात. दोन मिनिटांचं काम आहे. मात्र पुसल्याची खूण राहते. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती वेळा गरम झालं, हे दोन आकडे बहुतेक ओबीडी गाड्यांमध्ये मिळतात, आणि मोबाइलला जोडायच्या स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवरही दिसतात. तुम्ही गाडी बघायला गेलात आणि तिथे १२ किलोमीटर दिसलं, तर आज सकाळीच कोणीतरी पाटी पुसलीय. का पुसली, हे विचारायला लाजायचं नाही.

कंपनीच्या दर्जाच्या स्कॅनरवर आणखी एक मोजणी मिळू शकते, ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा भरलं गेलं त्याची. विकणारा "स्टॉक आहे" म्हणतोय आणि सर्व्हिस बुकात एकही अपडेट नसताना मोजणी चार-पाच दाखवतेय, तर गाडी कधीकाळी ट्यून होती आणि विकण्याआधी परत स्टॉक केली, असं मानायला जागा आहे.

गिअरबॉक्सचा मुद्दा इथेही लागू. शेंद्र्यात जोडलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस १५० घोड्यांची आणि मॅन्युअल होती. २०११ ची लॉरा आरएस १६० घोड्यांची, तीही सहा गिअरची मॅन्युअल. या दोन्हींत चुकीचा गिअर पडू शकतो. २०१७ मध्ये आलेली २३० घोड्यांची ऑक्टाव्हिया आरएस डीएसजी होती, तिथे ही भीती जवळपास नाही.

पोलो जीटी टीएसआयचं दुखणं तर वेगळंच. तिचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची क्षमता २५० ची. रिमॅपनंतर टॉर्क या आकड्याजवळ किंवा पुढे गेला की क्लच आणि गिअरबॉक्स रडायला लागतात, आणि तेही कमी आरपीएमला, जिथे टर्बो एकदम जोर लावतो. ओव्हर-रेव्हचा रेकॉर्ड कितीही स्वच्छ असला तरी याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ट्यून केलेल्या छोट्या टर्बो गाड्यांत खरं तर हीच बाजू आधी बघायला हवी.

शेवटी लोखंडाला विचारायचं

रेकॉर्ड संशय सांगतो, इंजिनची आजची अवस्था मोजूनच कळते. कॉम्प्रेशन टेस्ट कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये होते. त्यात सिलिंडरचा नुसता आकडा बघू नका, चारही सिलिंडरमधला फरक बघा. तीन सारखे आणि एक बराच खाली, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचा प्रश्न आहे. आणि हो, लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा थोडा कमी, त्यामुळे तेच निरोगी इंजिन मुंबईत जास्त आणि लातुरात सहा-सात टक्के कमी आकडा दाखवू शकतं. मुंबईचा जुना रिपोर्ट हातात धरून लातुरात भांडण काढू नये.

त्याहून चांगली लीक-डाऊन टेस्ट. सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाने हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग. ओव्हर-रेव्हने किंचित वाकलेला व्हॉल्व्ह इथे सापडतो. ताणलेला रॉड बोल्ट मात्र या टेस्टमध्येही दिसत नाही, त्यासाठी इंजिन खालून उघडावं लागतं. म्हणून तर ती तासांची नोंद इतकी मोलाची.

या टेस्ट गाडी जिथे आहे तिथेच करून घ्यायच्या, इसार देण्याआधी, आणि विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात नाही. एकदा गाडी नांदेडला आली की अशा इंजिनचं काम जाणणारं वर्कशॉप शोधत पुन्हा हैदराबाद किंवा पुणे गाठावं लागण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा ती टोइंगवर जाईल.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात मीटरचं रीडिंगही येतं. ते मागून बघा. थेट मालकाकडून खाजगी व्यवहार असेल तर पुढे ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा उघडत नाही, त्यामुळे विक्री करारातच ट्यूनिंगची पूर्ण यादी आणि ईसीयूचा रिपोर्ट जोडून सही घ्या.

यादी लेखी हवी त्याला आणखी एक कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नाव ट्रान्सफर झाल्यावर हे बदल आधीच्या मालकाचे होते हे दाखवायला हातात तोच कागद असतो. विम्याचं म्हणाल, तर नेहमीची पॉलिसी इंजिनमधल्या यांत्रिक बिघाडाचे पैसे देत नाही, आणि न कळवलेलं ट्यूनिंग सापडलं तर अपघाताचा क्लेमही अडकू शकतो.